वरच्याने बांधलेली गाठ

सोमवार, ८ जानेवारी

काल सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली, नखांच्या कडांत बसलेला रंग टर्पेंटाइनने काढला आणि लग्नकार्यात घालतो तो पांढरा शर्ट घातला. बायकोने विचारले, "आज काय विशेष?" मी म्हटले, "काही नाही."

पण होते. आठवडाभर मी मनाशी घोकत होतो. उपासनेत साक्षीची वेळ आली. पाळकसाहेबांनी विचारले, कोणाला काही सांगायचे आहे का, आणि मी उभा राहिलो. मी बोलणारा माणूस नाही. गावच्या शाळेत गुरुजी उभे करायचे तेव्हा येणारी कवितासुद्धा विसरायचो. काल मात्र एक शब्द चुकला नाही. म्हणालो, "माझा धाकटा भाऊ सप्टेंबरात कामावर पडून गेला, हे मंडळीला ठाऊक आहे. ज्या दोरावर तो बसला होता त्याची गाठ माझ्या मेहुण्याने बांधली होती. ती सुटली. प्रभूने मला किती माफ केले आहे ते मला माहीत आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर मी मेहुण्याला माफ करतो."

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. पाळकसाहेब खाली येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मेहुणा तिसऱ्या बाकावर होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता. नंतर लोकांनी एकेक करून त्याच्याशीही हात मिळवले. जरा हळूच, आजाऱ्याशी मिळवतात तसे.

घरी येताना बायको माझ्या पुढे चालत होती. तिचा तो एकुलता एक भाऊ. मला वाटले होते, ती माझा हात धरील.

आई उपासनेला येत नाही, तिला जिने चढवत नाहीत. तिला सगळे सांगितले. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "त्याने मागितली होती का?"

"काय?"

"माफी."

मी म्हटले, "मागितल्यावर कोणीही देतो, आई." वाक्य मला बरे वाटले, म्हणून इथे लिहून ठेवतो. आईने पुढचा लसूण घेतला.

बुधवार, १० जानेवारी

चार मजली इमारतीचे काम सुरू आहे. झुल्यावर दोन रोजंदारीची माणसे. झुला म्हणजे गच्चीवरून दोन दोरांनी सोडलेली फळी. तिच्यावर बसायचे, बादली बाजूला टांगायची आणि भिंत वरून खाली रंगवत यायचे. गच्चीवर एक जण दोर खांबाला बांधतो आणि लागेल तसा सोडत जातो. त्याला आम्ही वरचा म्हणतो. धाकटा गेल्यापासून मी फळीवर बसलेलो नाही. गुडघा दुखतो असे सांगतो. गुडघा दुखतोही.

वडिलांनी आम्हाला हे काम शिकवले तेव्हा पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. वरच्याने बांधलेली गाठ खालच्याने चाचपायची नाही. चाचपली म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला बेभरवशाचा म्हटल्यासारखे. भरवसा नसेल तर फळीवर बसू नये, आणि बसायचे तर बघू नये. ही आमच्या घरची रीत. दुसरे रंगारी कमरेला पट्टे लावतात, चार वेळा दोर ओढून बघतात. आम्ही हसायचो त्यांना.

धाकटा नवीन होता तेव्हा एकदा कठड्यावरून पाय टाकण्याआधी त्याने मी बांधलेली गाठ हाताने दाबून पाहिली होती. मी त्याला सगळ्या माणसांदेखत खाली उतरवले आणि घरी पाठवले. म्हटले, "जा, आईच्या मांडीवर बस. तिथून पडायची भीती नाही." माणसे खूप हसली. पुन्हा त्याने कधी गाठीला हात लावला नाही. चांगला कारागीर झाला तो. खिडकीच्या कडा त्याच्याइतक्या सरळ मलाही येत नाहीत. येत नसत.

सप्टेंबरातल्या त्या दिवशी मी खाली रंग ढवळत होतो. फळीचे एक टोक खाली गेले. त्याने माझ्याकडे बघितले असे मला वाटते. पुढचे लिहीत नाही.

चौकशी झाली, अपघात म्हणून मिटली. मेहुणा तेव्हापासून कामावर आलेला नाही. फर्निचरच्या गोदामात लाकडाला पॉलिशकागद मारतो म्हणे.

शनिवार, २० जानेवारी

पाळकसाहेब घरी आले. दोन कप चहा प्याले. क्षमेवर उपदेशांची मालिका करणार आहेत आणि त्यात माझा उल्लेख केला तर चालेल का, असे विचारत होते. मी नको नको म्हटले, पण फार नाही म्हटले. तरुण आहेत, मनाने सरळ आहेत. आमच्या कामाबद्दल विचारू लागले. मी गाठीची रीत सांगितली. त्यांना ती फारच आवडली. म्हणाले, "विश्वास म्हणजे दुसरे काय हो?"

आई आतून म्हणाली, "साहेब, बिस्किटं घ्या." तिचा आवाज कोरडा होता. ती पाळकसाहेबांना नेहमी बाळा म्हणते.

रविवार, ४ फेब्रुवारी

आज प्रभुभोजन होते, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर सगळ्यांनी वाटून घ्यायचा रविवार. उपदेशात पाळकसाहेबांनी आमची गाठीची रीत सांगितली. देवाने आपल्याला ज्या दोराने धरले आहे त्याची गाठ आपण चाचपत बसत नाही, आपण फक्त फळीवर बसतो, असे म्हणाले. लोकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला संकोच वाटला आणि, खरे लिहायचे तर, बरेही वाटले.

तेवढ्यात मेहुणा उठला आणि बाहेर गेला. भाकर घ्यायलासुद्धा थांबला नाही. दार मोठ्याने आपटले. मुद्दाम नसेल, त्या दाराची कडी सैल आहे. पण सगळ्यांनी ऐकले. मला राग आला. ज्याला माफ केले त्याने निदान खाली मान घालून बसावे, एवढे तरी. भाकर तोंडात घेतली तेव्हाही राग होता.

घंटा वाजवणारे मामा पायरीवर भेटले. त्यांना सगळ्यांच्या घरचे ठाऊक असते. म्हणाले, "तुझा मेहुणा पळाला की रे. एवढी मोठी माफी, अंगावर पडली असेल." आणि हसले. मामांना कुठे हसावे ते कळत नाही.

आईला उपदेश सांगितला. तिने हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाली, "देवाची गाठ निराळी. देव गाठ बांधताना घाईत नसतो, त्याला झोप नसते, त्याच्या हाताला घाम येत नाही. माणसाची गाठ बघावी रे." म्हातारपणी बोलणे असे भरकटते.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मेहुणा आता उपासनेला येत नाही. बायको घरात बोलते ते फक्त मीठ, पाणी, किल्ली एवढेच. मी विचारले, "मी काय वाईट केले? भाऊ माझा गेला, तुझ्या भावाला माफही मीच केले." ती इस्त्री करत होती. म्हणाली, "हो, सगळं तुम्हीच केलंत."

रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणतो. आम्ही दुसऱ्यांचे ऋण सोडतो तसे तू आमचे सोड, या मागणीपाशी आले की हल्ली आवाज आपोआप खाली जातो. का ते कळत नाही. मी तर सोडले आहे.

आई म्हणाली, "सोडलंस ना? मग त्याला जेवायला बोलाव."

मी म्हटले, "बघू."

"बघू काय? मंडळीपुढे उभा राहिलास, ताटापुढे बसायला काय जातंय?"

रविवार, १८ फेब्रुवारी

मेहुणा जेवायला आला. वाळला आहे. दाढी करून आला होता, हनुवटीला कापले होते. आईने त्याला धाकट्याच्या स्टुलावर बसवले, ज्याच्या पायांवर सतरा रंगांचे थेंब आहेत. सप्टेंबरपासून त्या स्टुलावर कोणी बसले नव्हते. तो दचकला. आई म्हणाली, "बस रे पोरा. स्टूल बसायलाच असतं."

मी चांगले वागायचे ठरवले होते. भात वाढला, काम कसे आहे विचारले. पण माझी नजर सारखी त्याच्या हातांकडे जात होती. तो भाकरी मोडत होता आणि मी त्याची बोटे बघत होतो. याच बोटांनी, असे मनात येत होते. त्याच्या ते लक्षात आले. त्याने डावा हात मांडीखाली घेतला. मग जेवणही थांबवले.

बायको म्हणाली, "अजून घे ना."

"नको ताई, पोट भरलं." मग ताटाकडे बघतच म्हणाला, "मी पुढच्या महिन्यात जातोय. दूर, बंदराच्या गावी. तिथे जहाजांना रंग देणाऱ्यांकडे काम आहे. आता इकडे येणं होणार नाही फारसं."

बायकोच्या हातातली पळी पातेल्यात पडली. तिने काढली नाही.

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभीच होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुम्हाला भाऊ नाही राहिला. आता मलाही राहणार नाही. फिट्टमफाट."

एकवीस वर्षांच्या संसारात ती मला असे कधी बोलली नव्हती.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

कामावरून परस्पर मेहुण्याच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते. ती त्यानेच धाकट्याबरोबर रंगवली होती.

मी म्हटले, "जाऊ नकोस. तुझी ताई खचेल. कामावर परत ये. मनात काही ठेवू नकोस, मी माफ केले आहे ना."

तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "दाजी, मला ती माफी पेलत नाही."

"म्हणजे?"

"रागावू नका. तुम्ही मोठे आहात." बराच वेळ त्याने नखाने खाटेची कडा खरवडली. "मी तुमच्याकडे येणार होतो. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत यायचो. त्या पानवाल्याला विचारा. तिथून परत जायचो. काय बोलायचं ते जुळत नव्हतं. मग एकदा जुळलं. म्हटलं, रविवारी उपासना झाली की गाठायचं, बाजूला घ्यायचं, पाय धरायचे. त्याच रविवारी तुम्ही उभे राहिलात."

त्याचे नख खाटेच्या कडेवर चालूच होते.

"त्या दिवशीपर्यंत निम्म्या लोकांना गाठ कोणी बांधली ते ठाऊकही नव्हतं, दाजी. आता पोरंसोरं ओळखतात. 'हा तो, ज्याला माफ केलं.' गोदामात सुद्धा. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर मी रडलो तरी असतो. आता मला मागायलाच काही उरलं नाही."

"मग उपदेशातून उठून का गेलास?" मी विचारले. आवाज चढलाच माझा.

त्याने माझ्याकडे पाहिले. काहीतरी सांगणार असे वाटले. मग म्हणाला, "पोटात दुखत होतं." उठून स्टोव्ह पेटवला, माझ्यासाठी चहा केला. मी कप घेतला आणि खिडकीबाहेर बघत प्यालो.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

आईला सगळे सांगितले. मला वाटले ती माझी बाजू घेईल. किमान थोडी.

ती म्हणाली, "पोटात नव्हतं दुखत त्याच्या."

मग तिने सांगितले. धाकट्याला माती दिली त्या संध्याकाळी मेहुणा तिच्यापाशी आला होता. गाठ मीच घाईत बांधली, माझी चूक, असे म्हणून ढसाढसा रडला. आणि आणखी एक गोष्ट बोलून गेला. पाय टाकण्याआधी धाकट्याने गाठीकडे हात नेला होता. चाचपायला. मग मागे घेतला. हसून म्हणाला, "नको बाबा. दादा खालून बघतोय. पुन्हा आईच्या मांडीवर पाठवेल."

मी विचारले, "मग मला का सांगितले नाही?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, दाजींना हे कळू देऊ नका, ते मोडतील. आज मी शपथ मोडली. देव बघून घेईल."

"पण तू? तू माझ्याशी एवढे महिने नीट बोलत होतीस. जेवायला वाढत होतीस."

आई म्हणाली, "एक पोरगा गेला होता. दुसराही घालवू?"

आणि उठून तिने भात लावला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

चार दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

दादा खालून बघतोय असे धाकटा म्हणाला. मी बघत नव्हतो. मी रंग ढवळत होतो.

रविवार, ३ मार्च

पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार. सकाळी पांढरा शर्ट काढला. मनात होते की पुन्हा उभे राहायचे आणि सगळ्यांसमोर सांगायचे की दोष माझा होता. वाक्ये जुळवलीही होती. बटणे लावताना बायकोने पाहिले. आईने तिला सगळे सांगितले आहे. परवापासून ती माझ्याशी बोलते. मऊ बोलते असे नाही, पण पुरे वाक्य बोलते.

म्हणाली, "पुन्हा उभे राहणार आहात?"

"हो."

"कोणासाठी?"

मी शर्ट बदलला. रोजचा, कोपराला ठिगळ असलेला घातला.

साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलेही. मी बसून राहिलो. भाकर फिरू लागली तेव्हा मला आठवले की, वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा, असे शास्त्रात सांगितले आहे. लहानपणापासून ऐकले आहे. दर वेळी तो उठून जाणारा दुसराच कोणी आहे असे वाटायचे. मी उठलो. कडी सैल आहे हे ठाऊक होते म्हणून दार धरून लावले. तरी आपटले.

मामा घंटेच्या दोराशी बसले होते. म्हणाले, "आता तूही? घराणंच पळपुटं दिसतंय."

मेहुण्याच्या खोलीला कुलूप होते. पायरीवर बसून राहिलो. दुपारी तो आला, हातात नवी पत्र्याची पेटी. मला बघून थांबला.

मी घोकून काही आणले नव्हते. म्हणालो, "आईने सांगितले मला. गाठीचे."

त्याने पेटी खाली ठेवली. "आईंनी सांगायला नको होतं."

"उपासनागृहाच्या मनोऱ्याचे काम घेतले आहे. शनिवारी सुरू. झुल्यावर मी बसणार आहे. वरचा माणूस नाही माझ्याकडे."

"तुमच्याकडे दोघं आहेत की."

"ते आहेत. पण वरचा माणूस नाही."

कुलूप उघडायला त्याला फार वेळ लागला. आत गेला आणि दार लावून घेतले. मी अजून थोडा वेळ बसलो आणि घरी आलो.

गुरुवार, ७ मार्च

दुकानातून दोन पट्टे आणले. नवीन, कडक वासाचे. दुकानदार म्हणाला, "तुम्ही? पट्टे? सूर्य कुठून उगवला?" मी पैसे मोजून दिले. वडिलांची आठवण आली. त्यांनाही माफ करावे लागेल असे वाटेत एकदम मनात आले, आणि मी रस्त्यातच थांबलो. मागून येणारा सायकलवाला शिवी देऊन गेला. आयुष्यभर मी ती रीत मानली, दाखवत फिरलो. वडिलांनी कोणाला उतरवून पाठवले नव्हते. तेवढे माझे स्वतःचे होते.

मेहुण्याचा निरोप नाही. बायको रोज संध्याकाळी दार उघडे ठेवते, वारा येतो म्हणते.

शनिवार, ९ मार्च

सकाळी मनोऱ्यावर दोर नेले, फळी नेली. मजुरांना खाली रंग काढायला ठेवले. वर एकटाच बसलो. मनोऱ्याच्या कठड्यावर कबुतरांची घाण आहे, ती खरवडत राहिलो. येणार नाही असे मनाने धरले होते.

जिन्यात पावले वाजली. तो आला. कामाचे जुने कपडे घातले होते. आल्या आल्या खांबाकडे गेला, हाताने खांब हलवून पाहिला, दोर उचलला. माझ्याकडे बघितले नाही. पहिल्या दोराचे वेढे घातले, मग दुसऱ्याचे. दुसरी गाठ त्याने दोनदा सोडली आणि पुन्हा बांधली.

बांधून झाल्यावर तो बाजूला झाला. पूर्वी अशा वेळी आम्ही पाय टाकायचो. मी पट्टा लावला, आकडा अडकवला आणि तसाच उभा राहिलो. म्हणालो, "मला माफ कर."

तो म्हणाला, "आधी गाठ बघा, दाजी."

मी गुडघ्यांवर बसलो. तोही समोर बसला. मी गाठ अंगठ्याने दाबली, ओढली, वेढ्याखाली बोट घालून पाहिले. त्यानेही तिथेच हात घातला. दोघांचे चार हात एका दोरावर होते. त्याच्या डोळ्यांतले पाणी दोरावर पडले. त्याने ते बाहीने पुसले. म्हणाला, "ओला दोर घसरतो." मग दुसरी गाठ बघितली, तशीच.

तो राहणार की जाणार ते मी विचारले नाही. पेटी खोलीत आहे, एवढे मला ठाऊक आहे. बंदराच्या गावी गेला तर बायको रडेल, मीही रडेन. ती विनवणी मला या कामात मिसळायची नव्हती.

मी कठड्यावरून पाय टाकला आणि फळीवर बसलो. खाली अंगणात मामा हात कमरेवर ठेवून वर बघत होते. धाकट्याने ज्या कडा रंगवल्या असत्या त्या समोर होत्या. मी दोराला एक हिसका दिला. म्हणजे, तयार आहे. वरून काही वेळ काहीच हालचाल झाली नाही. मग त्याने हळूहळू दोर सोडायला सुरुवात केली आणि मी उतरू लागलो.